लाँगवुड्स रस्त्यावरचे लाकडी क्विल्ट : वॉर्ड्सव्हिल आणि बार्न क्विल्टचे मार्ग

दूरदेशी

कॅनडातल्या लंडनहून नैऋत्येला निघालं की सगळे ४०१ हायवे धरतात. त्याला जवळजवळ समांतर, थेम्स नदीच्या अंगाने एक जुना रस्ता जातो, लाँगवुड्स रोड. त्या रस्त्यावर तासाभराच्या आत वॉर्ड्सव्हिल नावाचं छोटं गाव लागतं. ऑन्टारिओत राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी फार जण तिथे मुद्दाम जात नसावेत, म्हणून हा धागा.

आधी गावाची गोष्ट. दोनशे वर्षांपूर्वी हा सगळा पट्टा घनदाट जंगलाचा होता. डेलावेअर गाव सोडलं की पुढे मैलोन्मैल वस्ती नाही, म्हणून रस्त्याचं नाव लाँगवुड्स. १८१० साली जॉर्ज वॉर्ड इथे येऊन राहिला आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना जंगलाच्या मधोमध मुक्कामाला एक जागा झाली. दोनच वर्षांत ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात १८१२ चं युद्ध पेटलं आणि ते थेट याच रस्त्यावर आलं. ५ ऑक्टोबर १८१३ ला गावाच्या पश्चिमेला मोरेव्हियनटाउनजवळ लढाई झाली. ब्रिटिश मागे हटले आणि त्यांच्या बाजूने लढणारा शॉनी लोकांचा नेता टेकम्से तिथे मारला गेला. पुढच्या मार्चमध्ये, ४ तारखेला, गावाच्या पूर्वेच्या टेकडीवर पुन्हा लढाई. अमेरिकन सैनिक ओंडक्यांचा आडोसा करून वर बसलेले, ब्रिटिश बर्फातून समोरासमोर चढले आणि त्यांचंच जास्त नुकसान झालं. आज त्या जागेला बॅटल हिल म्हणतात. एका सराईच्या दोन्ही अंगांना पाच महिन्यांत दोन लढाया!

२०१० साली गावाला २०० वर्षं झाली. त्या निमित्ताने गावकऱ्यांनी आसपासच्या शेतांवरच्या बार्नवर रंगवलेले क्विल्ट चढवले आणि जॉर्ज वॉर्डच्या नावाने एक मार्ग तयार केला. गाडी घेऊन निघायचं आणि एकेका बार्नसमोर थांबत गावाची गोष्ट वाचत जायचं, अशी कल्पना.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. क्विल्ट म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवलेली तिकडची गोधडी. बार्न म्हणजे शेतावरची मोठी लाकडी इमारत, बहुतेकदा उतारावर बांधलेली. खाली गुरं, वर वर्षभराचं वाळलेलं गवत. त्याच्या रस्त्याकडच्या भिंतीवर आठ फूट बाय आठ फूट लाकडी चौकोन बसवतात आणि त्यावर क्विल्टमधला एकच नमुना ठळक रंगांत रंगवलेला असतो. संपूर्ण क्विल्ट नसते, एकच घर. पण शेताच्या पलीकडून, चालत्या गाडीतूनही ते नजरेत भरतं.

मला यातलं सगळ्यात जास्त काय आवडतं ते सांगते. क्विल्टच्या नमुन्यांना नावं असतात आणि ती नावं रोजच्या जगण्यातून आलेली आहेत. 'लॉग केबिन' आहे, 'बेअर्स पॉ' आहे, 'कॉर्न अँड बीन्स' आहे, 'होल इन द बार्न डोअर' आहे. एका शेतावर (वॉर्ड्सव्हिलच्या मार्गावरचं नव्हे, दुसरीकडचं) मी गाडी थांबवून उभी होते तर घरातल्या आजी बाहेर आल्या. त्यांच्या बार्नवर 'चर्न डॅश' होता. चर्न म्हणजे लोणी काढायचं पिंप, डॅश म्हणजे त्यातला घुसळायचा दांडा. त्या म्हणाल्या, माझ्या सासूबाईंनी लोणी विकून या शेताचे हप्ते फेडले, म्हणून आम्ही हाच नमुना घेतला. ही माहिती कुठल्याही फलकावर नव्हती. त्यांनी सांगितली नसती तर मी एक सुंदर निळा-पांढरा चौकोन पाहून पुढे गेले असते.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की अशा मार्गाचं खरं काम रंगकाम नाही. हा नमुना याच बार्नवर का, हे सांगणारं कुणीतरी असलं पाहिजे, नाहीतर ते लिहून ठेवलेलं असलं पाहिजे. तुम्ही असे मार्ग कुठे पाहिलेत? काय वाटलं?

चिंधीमोट

वा, छान विषय! भाबडा प्रश्न: कॅनडातल्या बर्फात आणि पावसात हे टिकतं कसं? मी स्वतः गोधड्या शिवते, त्यामुळे एवढा मोठा चौकोन आखायचा कसा याचीही उत्सुकता आहे.

दूरदेशी

@चिंधीमोट, प्रश्न मुळीच भाबडा नाही, टिकणं हाच अर्धा खेळ आहे. साधं प्लायवूड दोन-तीन हिवाळ्यांत पापुद्रे सोडतं. म्हणून रस्त्यावरच्या पाट्या करणारे वापरतात ते, दोन्ही बाजूंनी राळेचा कागद दाबून बसवलेलं प्लाय घेतात. चार बाय आठ फुटांचे दोन तक्ते शेजारी ठेवले की आठ बाय आठचा चौकोन झाला. आधी पुढून आणि मागूनही प्रायमर. कडांना सगळ्यात जास्त, कारण पाणी कडेतूनच शिरतं. मग पेन्सिलीने आखणी, रंगाऱ्यांची चिकटपट्टी, आणि एकेका रंगाचे दोन-तीन हात. एक रंग पूर्ण वाळल्याशिवाय दुसऱ्याची पट्टी लावायची नाही, म्हणून एका चौकोनाला बरेच दिवस जातात. मागे लाकडी चौकट, आणि ती बार्नच्या खांबांना बोल्टने पक्की. वर चढवायला विजेच्या खांबांवर काम करणाऱ्यांची पाळण्याची गाडी लागते, त्या दिवशी आख्खी आळी जमते.

आखणी तुम्हाला लगेच कळेल. 'ओहायो स्टार' घ्या. आठ फूट म्हणजे ९६ इंच, त्याचे तीन बाय तीन असे नऊ भाग केले की प्रत्येक घर ३२ इंचांचं. मधलं आणि चार कोपऱ्यांतली घरं सपाट एका रंगाची. उरलेल्या चार घरांत दोन्ही कर्ण काढून चार-चार त्रिकोण. रंग नीट भरले की तारा उठून दिसतो.

चिंधीमोट

अहाहा, समजलं! आम्ही कापडाच्या घड्या घालून करतो तेच. फक्त इथे शिवणीत जाणारं कापड धरायला नको. :)

ओहायोवाट

दूरदेशीताई, ओहायोचा तारा तुम्ही काढलातच, तर आता मला लिहायलाच हवं. ही सगळी चळवळ सुरू झाली ती आमच्या अमेरिकेतल्या ओहायोत, ॲडम्स काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्हा), आणि पहिला चौकोन 'ओहायो स्टार'च होता. ऑक्टोबर २००१, लुईस माउंटन हर्ब फार्मच्या बार्नवर.

कल्पना डोना स्यू ग्रोव्ह्ज यांची. त्या ओहायो आर्ट्स कौन्सिलमध्ये काम करायच्या. त्यांच्या आई, मॅक्सीन ग्रोव्ह्ज, नावाजलेल्या क्विल्ट शिवणाऱ्या. मूळ वेस्ट व्हर्जिनियाच्या या मायलेकींनी १९८९ साली ॲडम्स काउंटीत शेत घेतलं, त्यावर तंबाखूचं एक जुनं, रंग न दिलेलं बार्न होतं. ते बघून मुलगी आईला म्हणाली की मी तुझ्यासाठी यावर क्विल्टचा चौकोन रंगवून देईन. लहानपणी लांबच्या प्रवासात मुलांनी गाडीत गोंधळ घालू नये म्हणून आई त्यांना बार्न मोजायला लावायची. कसलं बार्न दिसलं त्यावर गुण. बार्नकडे बघायची सवय तिथून.

वचन बरीच वर्षं तसंच राहिलं. मग ओळखीचे लोक म्हणाले की चला, करूनच टाकू, तेव्हा डोना स्यू यांनी विचार वाढवला. आपल्या एकाच बार्नवर करण्यापेक्षा काउंटीभर करू या, लोक बघायला येतील, इथल्या कलाकारांना काम मिळेल. ठरले वीस चौकोन. आईच्या बार्नवर 'स्नेल्स ट्रेल' लागला, पण पहिला मान दुसऱ्याच्या बार्नला गेला. मला या माणसांबद्दल सगळ्यात आदर वाटतो तो याच गोष्टीसाठी.

नंतर आयोवातल्या ग्रंडी काउंटीने उचललं, मग केंटकी, टेनेसी. विस्कॉन्सिनच्या एकट्या शवानो काउंटीत आज तीनशेच्या वर आहेत. आयोवाच्या सॅक काउंटीत २००५ साली ग्रामीण मुलांच्या फोर-एच मंडळाने हे काम घेतलं आणि नियम केला की बार्न पन्नास वर्षांपेक्षा जुनं हवं. कुणाची परवानगी लागत नाही, कुणी मुख्यालय नाही. ज्या गावाला वाटेल त्याने करावं.

पानमळा

मी निपाणीकडचा. आमच्याकडे विडीची तंबाखू कापून रानातच उन्हात वाळवतात, त्यामुळे तंबाखूला एवढी मोठी इमारत का लागते हे कळलं नाही. ओहायोवाट, जरा सांगाल का?

ओहायोवाट

@पानमळा, तुमच्याकडची तंबाखू उन्हात वाळते, इथली बर्ली नावाची तंबाखू वाऱ्यावर आणि सावलीत. अख्खं झाड बुडातून कापतात, पाच-सहा झाडं एका लाकडी काठीत ओवतात आणि त्या काठ्या बार्नमध्ये आडव्या वाशांवर एकावर एक मजल्यांनी टांगतात. भिंतीला उभ्या फळ्यांच्या झडपा असतात. कोरड्या दिवशी उघडायच्या, दमट हवेत बंद करायच्या. दीड-दोन महिने हेच. पान हळूहळू हिरव्याचं पिवळं आणि पिवळ्याचं तपकिरी होतं. घाई केली तर हिरवा डाग राहतो, उशीर केला तर बुरशी. म्हणून बार्न उंच, आणि म्हणूनच त्याला भिंतभर झडपा.

पांढरी बर्ली ही जातच शेजारच्या ब्राऊन काउंटीत १८६४ साली सापडली. रोपवाटिकेत काही रोपं फिकट उगवली होती, ती वेगळी लावून पाहिली. म्हणजे इथल्या लोकांचं शंभर-सव्वाशे वर्षांचं पोट या पिकावर. १९३८ पासून सरकारी कोटा होता, कोण किती पिकवणार ते ठरलेलं आणि भावाला आधार. २००४ च्या कायद्याने तो मोडला, शेतकऱ्यांना पुढची दहा वर्षं मोबदला दिला आणि बाजार मोकळा केला. छोट्या शेतकऱ्यांनी तंबाखू सोडली. बार्न रिकामी झाली. क्विल्टचे चौकोन २००१ ला आले आणि कोटा २००४ ला गेला, एवढ्या लागून लागून या गोष्टी घडल्या आहेत. त्यामुळे ॲडम्स काउंटीत फिरताना मी चौकोनाच्या आधी झडपा बघतो.

पानमळा

धन्यवाद, फार नीट सांगितलंत. १९८१ ला निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर येऊन बसले होते, माझे वडीलही त्यात होते. तंबाखू पिकवणाऱ्याच्या घराला भाव आणि कोटा हे शब्द वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. तुमच्या त्या बार्नच्या झडपांचा फोटो असेल तर टाका.

सावळबाधा

हे चौकोन दृष्ट लागू नये म्हणून असतात का? पेन्सिल्वेनियात बार्नवर गोल चक्रं बघितली होती, तिथल्या दुकानदाराने चेटूक घालवायला असतात असं सांगितलं होतं.

दगडीचूल

@सावळबाधा, मी पेन्सिल्वेनियातल्या बर्क्स काउंटीच्या जवळच राहतो म्हणून उत्तर देतो. ते वेगळं प्रकरण. पेन्सिल्वेनियातल्या जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात बार्नवर तारे आणि फुलं रंगवायला सुरुवात केली. ती थेट फळ्यांवर रंगवलेली असतात, वेगळ्या तक्त्यावर नव्हे, आणि क्विल्टशी त्यांचा थेट संबंध नाही. चेटकाची गोष्ट १९२४ साली एका प्रवासलेखकाने छापली आणि पर्यटकांना ती इतकी आवडली की 'हेक्स साइन' हेच नाव पडलं. इथले जुने लोक विचाराल तर सांगतात की दिसायला छान म्हणून. अभ्यासकांमध्ये यावर वाद झाले आहेत, पण दुकानदाराचं वाक्य म्हणजे परंपरा असं धरू नये.

डोना स्यू यांच्या लहानपणच्या खेळात मात्र असली चिन्हं असलेल्या बार्नला जास्त गुण असणार असा माझा अंदाज. :)

काळाकभिन्न

सगळं वाचलं. रंगीत आहे, सुंदर आहे, पण मला हे पर्यटन खात्याचं काम वाटतं. बार्न पडत आहेत, छपरं गळत आहेत, आणि आपण भिंतीवर आठ फुटांची पाटी लावून इतिहास जपला म्हणतो. त्या पैशांत दोन बार्नची छपरं झाली असती.

दूरदेशी

@काळाकभिन्न, दोन बार्नची छपरं होणार नाहीत. प्लाय आणि रंगाचा खर्च आणि जुन्या बार्नच्या छपराचा खर्च यांचा मेळच बसत नाही. पण तुमच्या मुद्द्यातला खरा भाग मला मान्य आहे, चौकोन बार्न वाचवत नाही. गवत आता प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या मोठ्या गाठोड्यांत बाहेर राहतं, नवी यंत्रं जुन्या दारातून आत जात नाहीत, विम्याचा हप्ता मात्र चालू राहतो. अशा शेतकऱ्याने बार्न पाडलं तर त्याला दोष देणं मला जमणार नाही.

चौकोन लागला की एक गोष्ट नक्की बदलते. मालकाला त्या इमारतीबद्दल विचारणारी माणसं दारात येतात. कुणी बांधलं, केव्हा, लाकूड कुठलं. तो आपल्या काकाला विचारतो, काका जुने कागद काढतो. हे मी स्वतः पाहिलं आहे. बार्न पुढे दहा वर्षांत पडलं तरी ती माहिती आता कुणाकडे तरी आहे.

म्हणून मी वर लिहिलं की सांगणारं माणूस हवं. ज्या मार्गांवर नकाशात फक्त नमुन्याचं नाव आणि घर क्रमांक असतो, तिथे तुमची टीका शंभर टक्के लागू पडते.

काळाकभिन्न

ठीक. नोंदी होत असतील तर माझा विरोध नाही. पण मग त्या नोंदी गावाच्या वाचनालयात गेल्या पाहिजेत, एखाद्या संकेतस्थळावर ठेवल्या आणि दोन वर्षांत ते बंद पडलं असं नको.

दूरदेशी

सहमत. आणि कागदावर.

पळवाट

ऑन्टारिओच्या त्याच भागात गुलामगिरीतून पळून आलेल्या लोकांची गावं आहेत ना? क्विल्ट दोरीवर वाळत घालून पळणाऱ्यांना गुप्त खुणा दिल्या जायच्या असं वाचलं आहे, अमुक नमुना म्हणजे सामान बांधा, तमुक म्हणजे अस्वलाच्या पावलांमागे जा. बार्न क्विल्टच्या मार्गावर हा इतिहास दाखवत नाहीत का?

दगडीचूल

@पळवाट, इथे थोडं जपून. ती खुणांची गोष्ट १९९९ सालच्या एका पुस्तकामुळे जगभर पसरली आणि तिचा आधार एका कुटुंबातली तोंडी आठवण हा आहे. १९३६ ते १९३८ मध्ये अमेरिकन सरकारने पूर्वी गुलाम असलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्धांच्या मुलाखती घेतल्या. त्यांत किंवा पळून आलेल्यांच्या स्वतःच्या लिखाणात अशा संकेतांचा उल्लेख इतिहासकारांना सापडलेला नाही. शाळांमधून मात्र ती सर्रास सांगतात, कारण मुलांना कोडं आवडतं.

दूरदेशी

दगडीचूल, बरं झालं लिहिलंत. @पळवाट, गुप्त खुणांची गरजच पडू नये इतका भक्कम इतिहास त्या भागात आहे. वॉर्ड्सव्हिलहून गाडीने पुढे गेलं की बक्स्टन लागतं. १८४९ साली विल्यम किंग या धर्मोपदेशकाने तिथे जमिनीचा मोठा पट्टा मिळवला आणि गुलामगिरीतून सुटून आलेल्या कुटुंबांना ती हप्त्यांवर विकत घेता आली. त्यांची शाळा इतकी चांगली होती की आजूबाजूचे गोरे लोक आपली मुलं तिथे पाठवू लागले. १८५८ च्या मे महिन्यात गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या जॉन ब्राउनने शेजारच्या चॅटममध्ये येऊन सभा घेतली. हे सगळं कागदोपत्री आहे. बक्स्टनच्या एखाद्या शेताला चौकोन निवडायचा असेल तर त्या शाळेवरून निवडावा, त्या जमिनीच्या हप्त्यांवरून निवडावा.

आणखी एक गोष्ट मला लावून धरायची आहे. वॉर्ड्सव्हिलचं वर्ष १८१० धरलं तर गोष्ट एका सराईवाल्यापासून सुरू होते. पण त्याच नदीकाठी १७९२ पासून फेअरफील्ड नावाचं गाव होतं, डेलावेअर म्हणजे लेनापे लोकांचं आणि त्यांच्याबरोबर आलेल्या मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनऱ्यांचं. १८१३ च्या लढाईनंतर अमेरिकन सैन्याने ते जाळून टाकलं. त्या लोकांनी १८१५ मध्ये नदीच्या पलीकडे पुन्हा वस्ती केली, आणि त्यांचे वंशज आजही तिथेच आहेत. वॉर्ड्सव्हिलचा मार्ग बघायला जाल तर फेअरफील्डची जागा आणि तिथलं छोटं संग्रहालय चुकवू नका. जंगल ओसाड होतं, वॉर्ड आला आणि वस्ती झाली, असा समज घेऊन परत येणं मला अन्यायाचं वाटतं.

पानमळा

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. +१

ओहायोवाट

अगदी. ॲडम्स काउंटीतही हेच. क्विल्टचे चौकोन बघत पीबल्सच्या बाजूला गेलात की सर्पेंट माउंड आहे, मातीचा १,३४८ फूट लांब नागमोडी साप. काउंटी १७९७ ला स्थापन झाली, साप त्याच्या कितीतरी शतकं आधीचा. आणि वाटेत हार्शाव्हिलचा १८५५ चा छपराचा लाकडी पूल आहे, अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६३ च्या जुलैत, दक्षिणेच्या सैन्यातल्या मॉर्गन या सेनापतीचं घोडदळ त्यावरून गेलं. सिनसिनाटीहून सकाळी निघालात तर संध्याकाळपर्यंत सगळं होतं.

चिंधीमोट

दूरदेशी, मी जूनमध्ये मुलीकडे लंडनला येतेय, ऑन्टारिओच्याच! हा मार्ग बघायचाच आहे. कधी जावं, आणि बार्नजवळ जाऊ देतात का?

दूरदेशी

@चिंधीमोट, या की! जून उत्तम, तेव्हा मका गुडघ्याएवढाच असतो. ऑगस्टनंतर तो इतका उंच होतो की काही बार्न रस्त्यावरून अर्धी झाकली जातात. बार्न खाजगी शेतांवर आहेत, त्यामुळे रस्त्याच्या कडेला गाडी लावून बघायचं, आत शिरायचं नाही. मालक अंगणात दिसला तर हात करा, बहुतेक जण स्वतःहून बोलायला येतात. ऊन पाठीमागे असेल अशा वेळी जा, नाहीतर फोटोत चौकोन काळा येतो. पूर्वेकडे तोंड असलेले सकाळी, पश्चिमेकडचे दुपारनंतर. रविवारी गावात खायला फारसं काही उघडं नसतं, डबा घेऊन निघा. आणि तुमच्या एखाद्या गोधडीचा फोटो बरोबर ठेवा. तिथल्या क्विल्ट शिवणाऱ्या बायकांशी बोलायला त्याच्याएवढं सोपं निमित्त दुसरं नाही.

निघायच्या आधी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, जमलं तर मीही येईन.